पान कापायचा वेळ

शनिवारी शिवलिंगप्पा दिवाणजींनी स्टीलची एक कोरी कळशी आणून शेडच्या मधोमध स्टुलावर ठेवली, आणि विड्या वळणाऱ्या दीडशे बायकांचे हात एकदम थांबले.

‘‘बुधवारी पुण्याहून लेबर ऑफिसच्या बाई येणार आहेत,’’ दिवाणजी म्हणाले. ‘‘विड्या कशा वळतात ते बघायला. त्यांच्यासमोर तिघी बसतील. ईरम्मा, गोजाबाई आणि सोजरबाई. नऊ ते एक. चार तासांत जिच्या विड्या जास्त, तिला ही कळशी. कारखान्याची अब्रू तुमच्या हातात आहे, काय?’’

शेडमध्ये मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भाषांत कौतुक झालं. गोजाबाईनं तर उठून कळशीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि आवाज ऐकून मान हलवली.

सोजरबाई कळशीकडे बघत नव्हती, दिवाणजींच्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षं ती या कारखान्यात विड्या वळत होती. दोऱ्याचं रीळ संपलं तर रिकामी कांडी परत घेतल्याशिवाय दुसरं रीळ न देणारा हा माणूस. पानं कमी पडली तर ‘तूच जास्त कापलीस’ म्हणणारा. संध्याकाळी विड्या तपासताना हजारातल्या तीस-चाळीस ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा आणि त्याही परत द्यायचा नाही. तो आज आपल्या हातानं कळशी पुसून स्टुलावर ठेवत होता.

‘ह्याच्यात कायतरी हाय,’ ती मनाशी म्हणाली आणि मांडीवरच्या सुपातलं पान उचललं.

गेल्या महिन्यापासून कारखान्याच्या फाटकाशी युनियनची माणसं पत्रकं वाटत होती. सरकार विडी कामगारांच्या किमान वेतनाचा नवा दर ठरवणार, एवढं सगळ्या बायकांना ठाऊक होतं. दर वाढणार म्हणून त्या खूश होत्या. पण दर कसा ठरणार, हे सोजरबाईनं पत्रक वाटणाऱ्या माणसाला फाटकातच उभं करून विचारलं होतं. तो म्हणाला होता, ‘‘आठ तासांच्या दिवसाला मजुरी किती, ते सरकार ठरवणार. मग आठ तासांत एका बाईच्या विड्या किती होतात ते मोजणार. त्यावरून हजारी दर.’’

म्हणजे दिवसात विड्या जितक्या जास्त, तितका हजाराचा दर कमी. फाटकापासून घरापर्यंत चालताना सोजरबाईनं हे तीनदा घोळून पाहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. आता त्या उत्तराच्या शेजारी ही कळशी येऊन बसली.

सोमवारी भाकरीच्या सुट्टीत बायका गोल करून बसल्या तेव्हा तिनं विषय काढला.

‘‘आमच्या मोहोळाकडं, बहात्तरच्या दुष्काळात, नालाबंडिंगचं काम निघालं व्हतं. पयल्या दिशी सायेब आला टेप घिऊन. म्हनला, बघू दिवसात किती खड्डा हुतोय. एक गडी लई जोरात. समद्यांनी त्याला चढवलं, हां गड्या, दाव तुझी ताकद! त्यानं सांजपतूर दोघांचा खड्डा एकट्यानं मारला. सायेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिशी तेवढाच खड्डा समद्यांचं माप झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्ये भरंना. माप भरंना म्हून निम्मी मजुरी.’’

‘‘मग त्या गड्याचं काय केलं?’’ गोजाबाईनं चटणीचं बोट चाटत विचारलं.

‘‘काय करनार? शिव्या घातल्या. त्याच्या घरच्यांनाबी घातल्या.’’

तो गडी म्हणजे तिचाच नवरा ज्ञानबा, हे तिनं सांगितलं नाही. विहिरीवर बायका तिला पाणी शेंदू देईनात, तेव्हा दोघं सासूला घेऊन सोलापुरात आली, हेही नाही. ज्ञानबा आता मार्केट यार्डात पोती उचलायचा आणि कुणी ‘तू लई जोराचा हमाल हाय’ म्हटलं की गप्प व्हायचा.

‘‘हितं कुटं खड्डा हाय?’’ गोजाबाई हसली. ‘‘तुला कळशी मिळनार न्हाय म्हून तू दुसऱ्यांच्या तोंडचं पानी पळवू नगंस व्हय!’’

बायका हसल्या. ईरम्मा मात्र भाकरीचा तुकडा मोडत होती. ईरम्मा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, पन्नाशीची बाई. शेडमध्ये तिच्याइतका हात कुणाचा चालत नव्हता. तिच्या वाट्याला नेहमी मोठी, बिनडागी पानं यायची, तिच्या विड्यांत छाट कमी निघायची. हात चांगला म्हणून, असं बायका म्हणत. सोजरबाईला ते कधी पुरतं पटलं नव्हतं.

तरी ती ईरम्माच्या शेजारी सरकली. तिला एक गोष्ट सुचली होती, आणि ती एकटीनं करून भागणार नव्हती.

शेडमध्ये सगळ्या फक्त विड्या वळायच्या. पानं कापायच्या घरी. संध्याकाळी पाच वाजता टेंभुर्णीची पानं तोलून मिळायची. ती घरी नेऊन भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची, आणि पहाटे उठून पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून, त्याच्या मापानं कात्रीनं एकेक कापायचं. हजार विड्यांची पानं कापायला एकटीला तीन तास लागतात. सासू, नणंद, पोरी, जी हाताला लागेल ती त्यात बसते. नऊ वाजता बाई शेडमध्ये येते ती कापलेल्या पानांची चळत घेऊनच. आजवर त्या तीन तासांना कुणी कामाचा वेळ म्हटलं नव्हतं, बायकांनीसुद्धा नाही. चूल पेटवावी, पाणी भरावं, तसं ते एक.

‘‘ईरम्मा, बुधवारी पानं तशीच आन,’’ सोजरबाई हळूच म्हणाली. ‘‘अख्खी. त्या बाईसमोर कापू. बगू दे तिला.’’

ईरम्मानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘आणि तू कापूनच आणलीस, मग?’’

‘‘म्या कशाला आनीन?’’

‘‘कळशी हाय ना.’’ ईरम्मानं पदराला हात पुसले. ‘‘बघू.’’

भाकरीचं फडकं गुंडाळून ती उठली आणि सरळ दिवाणजींच्या खोलीत गेली. सोजरबाईनं सुपाआडून पाहिलं. दार लोटलेलं होतं. वीसेक विड्या वळून होईतो ते उघडलं नाही. ईरम्मा बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि तेच सोजरबाईला सगळ्यांत वाईट वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी तिनं पानं भिजवली, पोत्यात गुंडाळली आणि सासूला बजावलं, ‘‘आत्ती, उद्या पानं कापायची न्हाईत. हात लावू नगा.’’

‘‘का गं? सुट्टी हाय?’’ बजाबाईनं विचारलं.

‘‘सुट्टी न्हाय. पन कापायची न्हाईत.’’

म्हातारीनं बरं म्हटलं. सोजरबाई नळावर गेली. तिथं मोठी रांग होती. दोन घागरी घेऊन परत आली तेव्हा कारखान्याचा शिपाई सायकलवर टांग टाकून गल्लीच्या तोंडातून वळताना दिसला.

‘‘हा कशाला आलता?’’

‘‘दिवाणजींनी धाडला म्हनं. उद्या पुन्याची बाई येनार, पानं बारकी, एकसारखी कापून आना म्हनला. पानं खराब निगाली तर कामाचं कार्ड काढून घेतील म्हनला.’’

सोजरबाईनं घागर तशीच दारात टेकवली. पानं न कापता आणायची, हे तिनं जगात एकाच बाईला सांगितलं होतं. त्या बाईनं खोलीत जाऊन दार लोटून घेतलं होतं. आता आणखी काय उलगडायचं होतं?

‘‘आत्ती, कोन कायबी सांगू दे. कापायची न्हाईत.’’

‘‘बरं बाई.’’

पहाटे तिला जाग आली ती कात्रीच्या आवाजानं. बजाबाई दिव्याशी बसली होती. मांडीवर ओलं पोतं, समोर कापलेल्या पानांच्या चळती, आणि पोतं जवळजवळ रिकामं.

‘‘आत्ती! काय सांगितलं व्हतं?’’

म्हातारी दचकली. कात्री हातातच राहिली. ‘‘आगं, जाग आली... हात रिकामं ऱ्हाईनात. आन् त्यो कार्डाचं म्हनत व्हता. कार्ड गेलं तर खानार काय आपन?’’

तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर कात्रीचे जुने, बारीक काळे चरे होते. सोजरबाई ओरडायला निघाली होती, ती ओरडली नाही. पोत्यात हात घालून तिनं पाहिलं. सहा पानं उरली होती.

*

पुण्याच्या बाईंचं नाव विजयमाला. सडपातळ, तिशीच्या आतबाहेर, खांद्याला कापडी पिशवी. त्या दिवाणजींनी पाठवलेल्या टांग्यातून उतरल्या, हे सोजरबाईनं टिपून ठेवलं. दिवाणजींनी चहा आणवला. बाईंनी ‘मी कामावर असताना घेत नाही’ असं सांगून कप परत पाठवला. सोजरबाईनं तेही टिपून ठेवलं, पण त्यावर विश्वास ठेवला नाही. चहा परत करणारी माणसंही तिनं पाहिली होती. ती पुढं जेवायला जायची.

तिघींना खिडकीजवळ ओळीनं बसवलं. बाई समोर स्टुलावर बसल्या. मांडीवर लाकडी फळी, फळीला चिमट्यानं लावलेले छापील कागद, हातात शिसपेन्सिल. गळ्यात दोरीला एक गोल घड्याळ होतं, त्याला वरून दाबायचं बटण होतं.

‘‘तुम्ही रोज करता तसंच करा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घाई करू नका, मुद्दाम हळूही करू नका. मी बघते तेवढंच लिहिते. ऐकलेलं लिहीत नाही.’’

सोजरबाईनं पाटीवरचं ओलं फडकं उचललं. खाली सासूनं कापलेली पानं, एकावर एक, एकसारखी. पलीकडे गोजाबाईची तशीच चळत. आता ही बाई रोज करता तसंच करा म्हणते. आणि रोज हेच करतो. वळायला लागलं की झालं. तिचा हात हळू चालायचाच नाही, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षांत बोटांना जो वेग लागला होता तो डोक्याचं ऐकणारा नव्हता. पान, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, टोक मुडपून खाली. तासाला एकशे वीसच्या आसपास. आठ तासांत साडेनऊशे. आणि ते दीडशे बायकांचं माप.

पहाटेचे तास सांगावेत, तर ही बाई ऐकलेलं लिहीत नाही.

‘‘चला, नऊ वाजले,’’ दिवाणजी मागं हात बांधून म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं. गोजाबाईचे हात सुरू झाले. सोजरबाईनं मान वळवून ईरम्माकडे पाहिलं. तिचा वेग बघायला, आणि खरं तर तिच्या नावानं मनात जे साठलं होतं ते डोळ्यांनी तिच्यावर फेकायला.

ईरम्मानं पोतं सोडलं होतं. पोत्यात अख्खी पानं होती, देठासकट. तिनं त्यांतलं एक मांडीवर पसरलं, त्यावर पत्रा ठेवला आणि कंबरेला खोचलेली कात्री काढली.

‘‘हे काय?’’ दिवाणजी दोन पावलं पुढं आले. ‘‘ईरम्मा, पानं कापली नाहीस?’’

‘‘आता कापते की.’’

‘‘घरी कापायची असतात! शिपाई येऊन सांगून गेला ना?’’

‘‘आला होता. तिघींच्या घरी आला होता. सांगून गेला.’’ ईरम्माची कात्री पानाभोवती फिरली. ‘‘मी हो म्हटलं आणि सुनेला कात्री सापडू दिली नाही.’’

तिघींच्या घरी. म्हणजे ईरम्मानं चुगली केली नव्हती. सोजरबाईला लाज वाटली. पण तेवढ्यात ईरम्मानं कापणं न थांबवता तिच्या चळतीकडे पाहून घेतलं.

‘‘तू कापून आणलीस,’’ ती खालच्या आवाजात म्हणाली. ‘‘वाटलंच मला.’’

‘‘सासूनं कापली गं. देवाशप्पत. म्या नगं म्हनलं व्हतं.’’

‘‘हौदा, खरंच? आणि मी दिवाणजींच्या कानाला लागले असं समजून तू काल दिवसभर बोलली नाहीस.’’

‘‘दार लोटून काय बोलत व्हतीस मग?’’

‘‘मी काय बोलणार? दिवाणजीच बोलत होते. म्हणाले, कळशी तुझीच धर, फक्त दोघींना मागं टाक. मी ऐकून घेतलं. नाही म्हटलं असतं तर मला उठवून दुसरीला बसवलं असतं. कळत नाही तुला?’’

‘‘काही अडचण आहे का?’’ विजयमालाबाईंनी विचारलं. घड्याळावरून त्यांची नजर हलली नव्हती.

‘‘अडचण न्हाय,’’ सोजरबाई म्हणाली. तिनं आपल्या कापलेल्या पानांवर ओलं फडकं टाकलं आणि पाटी मागं सरकवली. मग ईरम्मापुढं हात केला. ‘‘दे.’’

ईरम्मा क्षणभर थांबली. आपलं अर्धं पोतं देणं म्हणजे हातची निम्मी पानं देणं. मग तिनं पोत्यातून दोन्ही हातांनी पानं उचलली आणि सोजरबाईच्या सुपात टाकली.

‘‘असं चालणार नाही,’’ दिवाणजी म्हणाले. ‘‘एकीची पानं दुसरीनं घ्यायची नाहीत, नियम आहे कारखान्याचा. बाईसाहेब, तुम्ही गोजाबाईचं बघा, ती नेहमीसारखं करतीय. पानं कापणं हे काही काम नव्हे. घरी पोरीबाळी खेळता खेळता करतात.’’

‘‘खेळता खेळता,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. ‘‘रोज?’’

‘‘हो... म्हणजे, असंच काहीतरी.’’

‘‘पान कापल्याशिवाय विडी होते का?’’

सोजरबाईनं कात्री चालवायला घेतली, पण तिचं लक्ष बाईंच्या गळ्यातल्या घड्याळावर होतं. बटण दाबून ते थांबवता येतं, हे उघड होतं. कापताना थांबवलं आणि वळताना परत लावलं, तर हा सगळा खटाटोप पाण्यात. बाईंचा अंगठा बटणाच्या जवळच होता.

‘‘बाई, काटा चालू हाय का बंद?’’

शेडमध्ये कुणीतरी हसलं. विजयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ दोरीसकट तिच्यासमोर धरलं. बारीक काटा फिरत होता. सोजरबाईनं तो एक पूर्ण फेरा घेईपर्यंत पाहिला आणि मगच पुढचं पान घेतलं.

मग एकपर्यंत तिघींचे हात चालू राहिले. बाई मधूनमधून उठून तिघींच्या मागं जायच्या, वाकून बघायच्या, लिहायच्या. एकदा त्यांनी कापलेल्या पानांची एक चळत मोजायला घेतली, मध्ये चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. गोजाबाई पहिला तासभर झपाट्यानं वळत होती. मग तिच्याही लक्षात काहीतरी आलं असावं. ती सारखी ईरम्माच्या कात्रीकडे बघू लागली. पण तिचे हात थांबले नाहीत. कळशीचा मोह असेल, की तिचेही हात तिचं ऐकत नसतील. सोजरबाईनं तिला दोष दिला नाही. ज्ञानबालाही तिनं कधी दिला नव्हता.

एकच्या ठोक्याला बाईंनी बटण दाबलं. गोजाबाई चारशे पासष्ट. ईरम्मा तीनशे सत्तर. सोजरबाई तीनशे चाळीस.

‘‘बघा,’’ दिवाणजी पटकन म्हणाले. ‘‘गोजाबाईचा आकडा खरा. या दोघी आज मुद्दाम... तुम्ही गोजाबाईचाच धरा. कळशी तिची.’’

‘‘तिन्ही आकडे जातील,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. ‘‘गोजाबाई, तुमची पानं कुणी कापली? कधी?’’

गोजाबाईनं दिवाणजींकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या पावलांकडे. ‘‘म्या आन् माज्या पोरीनं,’’ ती म्हणाली. ‘‘पाटं चारपास्नं.’’

‘‘हे मी ऐकलं, पाहिलं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणून शेऱ्यात लिहिते, आकड्यात नाही.’’

त्यांनी अंगठ्यासाठी कागद पुढं केला. कारखान्यात सगळ्यांचा अंगठाच घेत, पण सोजरबाई शाळेत चौथीपर्यंत गेली होती. तिनं कागद आपल्याकडे ओढला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. छापलेले रकाने चार होते: तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, टोक मुडपणे. कापण्याचा रकाना छापलेलाच नव्हता. तिनं बोट काठापर्यंत नेलं. मग तिला दिसलं, उजव्या काठाला पट्टीनं एक सरळ रेघ मारून पाचवा रकाना काढलेला होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: पान कापणे, एक तास पाच मिनिटे.

‘‘छापील फॉर्मवर असा रकाना वाढवता येतो का?’’ दिवाणजींनी खांद्यावरून वाकून विचारलं.

‘‘ते पुण्यात ठरवतील. मी पाहिलं ते लिहिलंय.’’

‘‘म्हंजे पुन्यात पुसतीलबी,’’ सोजरबाई म्हणाली.

विजयमालाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

‘‘छापलेलं शाईचं हाय. त्ये ऱ्हाईल. ह्ये शिसपेन्सिलीचं हाय. खोडरबर फिरवलं की आमचं पाटंचं काम ग्येलं.’’ तिनं कागद सोडला नाही. ‘‘शाईनं लिवा, मग अंगठा देते.’’

‘‘सोजरबाई!’’ दिवाणजींचा आवाज चढला. ‘‘बाईसाहेबांवर संशय घेतेस?’’

‘‘घेते की.’’

बाईंनी हातातल्या शिसपेन्सिलीकडे पाहिलं. ‘‘आम्ही पाहणी पेन्सिलीनंच करतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शिकवलंयच तसं. चुकलं तर दुरुस्त करता यावं म्हणून.’’ मग त्यांनी पिशवीत हात घातला. पेन सापडायला वेळ लागला. टोपण उघडून त्यांनी निब कागदाच्या कोपऱ्यावर घासून पाहिली आणि रेघेच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. रेघ, नाव, तास, मिनिटं, विड्या. मग ईरम्माचा कागद. मग गोजाबाईचा शेरा. एकेक अक्षर पेन्सिलीच्या खुणेवरूनच जात होतं, बाहेर कुठं सरकत नव्हतं.

दिवाणजी खोलीत निघून गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. उद्यापासून आपल्या वाट्याला कसली पानं येतील आणि विड्यांत किती छाट निघेल, हे सोजरबाईला कुणी सांगायला नको होतं.

‘‘चल गं,’’ ईरम्मा तिला कोपरानं ढोसत म्हणाली. ‘‘आजच्या हजारातल्या सहाशे राहिल्यात अजून. की सासूला बोलावतेस?’’

‘‘थांब,’’ सोजरबाई म्हणाली. शेवटची ओळ अजून ओली होती. ती वाळेपर्यंत तिनं कागदावरची नजर काढली नाही. मग अंगठा पुढं केला.